पहिला संगणक जुळवताना : ‘कूलर’ या शब्दाचा घोळ



आजचा विषय फलकावर वाचून पुढच्या रांगेतल्या एका जुन्या स्नेह्यांनी विचारलेच, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून हे संगणकाचं दुकान कधी उघडलंत?’ दुकान उघडलेले नाही. आमच्या नातीसाठी आम्ही सुटे भाग आणून घरीच एक संगणक जुळवला. त्यात दोन चुका केल्या. त्यातली एक तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर बेतता बेतता राहिली. आणि गंमत अशी की त्या चुकीच्या मुळाशी पैसा नव्हता, खराब भागही नव्हता. एक शब्द होता. शब्दांमुळे होणारे घोळ सोडवणे हा आमचा आयुष्यभराचा धंदा, म्हणून आज इथे उभे आहोत.

तो शब्द म्हणजे ‘कूलर’. आम्ही नागपूरचे. आमच्याकडे मार्च संपत आला की माळ्यावरून लोखंडी पेटी खाली येते, तिला तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लागतात, आत पाण्याचा पंप आणि एक दांडगा पंखा. पेटी खिडकीला लावली की बाहेरची ४४ अंशांची हवा आत येताना तिशीच्या आसपास होऊन येते. त्यामुळे कूलर म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा जास्त थंड करणारी वस्तू, ही व्याख्या आमच्या हाडात मुरलेली.

प्रोसेसरवर बसवतात त्यालाही कूलरच म्हणतात. तो मात्र कुठलीही गोष्ट भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. कितीही महाग घ्या, दिव्यांचा घ्या, पाण्याचा घ्या. त्याचे काम हमालाचे आहे. उष्णता इथून उचलायची आणि तिथे नेऊन टाकायची. खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी वाफ होऊन कायमचे निघून जाते आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. म्हणून माठ थंड राहतो, म्हणून ताट्या चालतात. प्रोसेसरच्या कूलरमध्ये असे काहीही बाहेर जात नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे.

आता आधी भाग कसे निवडायचे ते पाहू. थंडाव्याकडे मग येऊ. खरे तर दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे तुमच्या लक्षात येईलच.

गौतमाच्या न्यायसूत्रांत पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी येते. प्रमाण, प्रमेय, संशय, आणि चौथे प्रयोजन. वाद, जल्प, वितंडा ही मंडळी फार पुढे येतात. संगणक घेणारा मात्र थेट वितंडेपासून सुरुवात करतो : ही कंपनी चांगली की ती? प्रयोजन कोणी विचारतच नाही. नातीला आम्ही विचारले, तर ती म्हणाली, ‘आबा, सगळं चालेल असा हवा.’ आता ‘सगळं’ हा शब्द तर्कशास्त्राच्या माणसासमोर उच्चारणे म्हणजे दुपार वाया घालवणे. शेवटी आम्ही तिला आठ दिवस वही ठेवायला सांगितली. संगणकावर काय करते, किती वेळ, आणि त्या वेळी काय अडते.

वही बोलकी निघाली. ती आर्किटेक्चरला होती. निम्मा वेळ ब्राउझर, पीडीएफ आणि टंकलेखन. याला कुठलाही संगणक पुरतो. मग ऑटोकॅडची रेखाटने. मग ब्लेंडरमध्ये इमारतीची त्रिमितीय चित्रे. ही तयार व्हायला एकेक तास, कधी अख्खी रात्र. थोडे व्हिडिओ संपादन, आणि रविवारी मैत्रिणींबरोबर एखादा गेम. यातून आम्हाला कामाची एकच गोष्ट कळली : हे यंत्र रोज थोडा वेळ नव्हे, तर महिन्यातून काही वेळा सलग सात-आठ तास पूर्ण ताकदीने राबणार आहे. बहुउपयोगी संगणक म्हणजे सगळ्या कामांचा वरवरचा मेळ नसतो. त्यातले सर्वांत जड काम कोणते आणि ते किती वेळ चालते, हे ठरले की बाकीचे त्याच्या सावलीत बसते.

प्रोसेसर आम्ही एएमडीचा रायझन ५ ७६०० घेतला. सहा गाभे, त्याच्यात छोटेसे ग्राफिक्स आधीच आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बिघडले तरी पडदा काळा होत नाही. पहिल्यांदा जुळवणाऱ्याला हा मोठा आधार. त्याचा सॉकेट एएम५, त्याला फक्त डीडीआर५ रॅम चालते. जुनी डीडीआर४ घरात पडली आहे म्हणून ती लावता येईल असे समजू नका. बी६५० जातीचा मदरबोर्ड, सोळा-सोळा जीबीच्या दोन रॅम, कारण एकच ३२ ची लावण्यापेक्षा दोन लावल्या की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. हे भाग आमच्या वेळचे आहेत. तुम्ही घ्याल तेव्हा नवी पिढी आलेली असेल, भाव तर दर महिन्याला बदलतात, म्हणून आम्ही भाव सांगतच नाही. विचाराचा क्रम तेवढा घ्या.

इथे एक प्रश्न आला. याच प्रोसेसरचा मोठा भाऊ आहे, ७६००एक्स. थोडा जास्त वेगवान. नातीचा जीव त्याच्यात. आम्ही कागद घेऊन बसलो. ७६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असते, प्रत्यक्षात तो ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. एक्सवर १०५ लिहितात, घेतो १४२ पर्यंत. खोक्यावरचा आकडा म्हणजे विजेच्या मीटरचा आकडा नव्हे, हे पहिले. आणि दुसरे, वेगातला फरक काही टक्क्यांचा असताना विजेतला फरक एवढा का?

कारण चिपमधली वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. समजा तेही दहा टक्के वाढवले, तर १.१ चा घन करा : १.३३. म्हणजे दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त वीज. शेवटची पायरी नेहमी सर्वांत महाग. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान होत गेले तर व्होल्टेजही उतरवता येईल आणि तेवढ्याच जागेत तेवढीच वीज लागेल. तीसेक वर्षे ते खरे ठरले. २००५-०६ च्या सुमारास व्होल्टेज आणखी उतरेना, आणि तिथून पुढे वेग वाढवण्याऐवजी कंपन्या गाभे वाढवू लागल्या. आपल्या टेबलावरच्या पेटीला एवढे पंखे का लागतात, त्याची मुळे तिथे आहेत.

ही वीज जाते कुठे? सगळीच्या सगळी उष्णता होते. पंख्याला चार वॅट, दिव्यांना दोन, तेही अखेर खोलीत उष्णता म्हणूनच मुरतात. ३०० वॅट खाणारा संगणक म्हणजे ३०० वॅटचा हीटर, जो जाता जाता गणितेही करतो. इथे आमच्यासारख्याला मोह आवरत नाही. आयबीएममधले रोल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले की एक बिट पुसायचा, म्हणजे माहिती विसरायची, तर निसर्गनियमाने किमान एवढी उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. आठवणे फुकट असू शकते, विसरणे नाही. आजच्या चिपा त्या किमान मर्यादेच्या कितीतरी पट उष्णता टाकतात, म्हणून व्यवहारात लँडाउअर आडवे येत नाहीत. असो, परत येऊ.

ग्राफिक्स कार्डाचा निर्णय सर्वांत अवघड होता. एका बाजूला आरटीएक्स ४०६० : नवीन, ११५ वॅट, स्मृती ८ जीबी. दुसऱ्या बाजूला जुने आरटीएक्स ३०६० : १७० वॅट, पण स्मृती १२ जीबी. गेमच खेळायचे असते तर आम्ही डोळे मिटून पहिले घेतले असते. पण ब्लेंडरमधला मोठा देखावा कार्डाच्या स्मृतीत मावला नाही तर काम एकतर फार हळू होते किंवा होतच नाही. नातीच्या वहीत ‘मेमरी संपली’ हे वाक्य तीनदा होते. म्हणून ३०६०. म्हणजे ५५ वॅट जास्त उष्णता आम्ही जाणूनबुजून विकत घेतली. प्रयोजनासाठी घेतली, हे महत्त्वाचे. तेच प्रयोजन नसते तर तो शुद्ध गाढवपणा झाला असता.

आता बेरीज करा. प्रोसेसर ८८, कार्ड १७०, बाकी सगळे मिळून ५० धरा. साधारण ३१० वॅट. भागांची यादी करताना प्रत्येकापुढे किंमत सगळेच लिहितात. शेजारी वॅटचा एक रकाना आखा. ती बेरीज हातात असल्याशिवाय कॅबिनेट, एसएमपीएस आणि कूलर यांच्याकडे बघूही नका.

आम्ही यंत्र जुळवले डिसेंबरात. प्रोसेसरच्या खोक्यात एक छोटा कूलर फुकट मिळतो, तोच लावला. सगळे छान चालले. रात्रभर काम केले तरी प्रोसेसर ८८-९० अंशांवर. या जातीच्या चिपा ९५ पर्यंत निर्धास्त चालतात, पुढे जाऊ लागल्या तर स्वतःच वेग कमी करतात, जळत नाहीत. आम्ही म्हटले, झालं काम, वेगळा कूलर घ्यायचे पैसे वाचले. आणि मग मार्च आला.

इथे हमालाचा हिशेब समजून घ्या. कुठलाही कूलर एवढेच ठरवतो की दर वॅटमागे चिप भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश वर राहील. सोयीसाठी समजा, तो छोटा कूलर दर वॅटला ०.७ अंश वर ठेवतो. ८८ वॅट, म्हणजे सुमारे ६२ अंश. हे ६२ कशावर? पेटीच्या आतल्या हवेवर. डिसेंबरात आमची खोली २२, पेटीच्या आत २८. अठ्ठावीस अधिक बासष्ट, नव्वद. बरोबर जुळले. आता मे महिन्याचा हिशेब करा : खोली ३८, पेटीत ४४, वर ६२ : एकशे सहा. तिथे चिप जाऊच देणार नाही, ती ९५ ला अडून बसेल आणि वेग सोडेल. तुम्ही पैसे मोजलेत सहा गाभ्यांच्या पूर्ण वेगाचे, मिळणार उन्हाळी सवलतीचा वेग. इंटरनेटवर परीक्षणे करणारे लोक वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत बसून मोजतात. त्यांचे आकडे खोटे नसतात. ते त्यांच्या खोलीचे असतात. त्यात आपल्या मे महिन्याचा फरक मिळवून वाचायचे, इतकेच. चंद्रपूरकरांनी अजून थोडे मिळवावे.

म्हणून मार्चअखेरीस उंच मनोऱ्यासारखा कूलर आणला. चार तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा थर, पुढे १२० मिलिमीटरचा पंखा. या नळ्या भरीव नसतात, बरं का. आत हवा काढून टाकलेली असते, किंचित पाणी असते आणि भिंतीला सच्छिद्र अस्तर. खाली चिपच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. हवा नसल्याने ते कमी तापमानालाच उकळते. वाफ वर जाते, थंड टोकाला पुन्हा पाणी होते, आपली उष्णता पत्र्यांना देते आणि अस्तरातून परत खाली झिरपते. ही कल्पना अमेरिकेत रिचर्ड गॉगलर यांनी चाळिशीच्या दशकात पेटंट केली होती, पण ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळयानांसाठी ती नव्याने करून दाखवली. माठ आणि ही नळी यांत वाफेचेच तत्त्व आहे. पण माठातली वाफ घर सोडून जाते, नळीतली तिथल्या तिथे फिरते. म्हणून माठ हवेपेक्षा थंड, नळी कधीच नाही. उष्णता फक्त चिपवरून पत्र्यांपर्यंत आली. तिथून पंखा आणि खोलीची हवा.

हा कूलर बसवला आणि आमची पहिली चूक झाली. बसवल्यावर तापमान उतरण्याऐवजी चढले. दोन मिनिटांत ९५! नातीने आमच्याकडे पाहिले, आम्ही माहितीपुस्तकाकडे. कूलरच्या तळाला संरक्षक प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, ती आम्ही काढलीच नव्हती. तिच्यावर ठळक अक्षरांत काढा असे लिहिलेले होते. चष्मा दुसऱ्या खोलीत होता. हसा, आम्हीही हसलो.

पण त्यातून थर्मल पेस्टचे काम कळले. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म खाचांमध्ये हवा राहते, आणि हवा उष्णतेची अतिशय वाईट वाहक. तांबे तिच्या पंधरा हजार पट चांगले. पेस्ट त्या खाचा भरते. ती स्वतः तांब्याच्या मानाने फारशी वाहक नाही, हवेपेक्षा मात्र शेकडो पट बरी. म्हणून ती लेप नव्हे, सांधा भरणारा चुना समजा. मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो. कूलर काढून परत बसवायचा असेल तर जुनी पुसून नवी लावा. आणि आणण्याआधी कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी ताडून पाहा. असे मनोरे साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात, आणि अरुंद कॅबिनेटचे दार मग लागत नाही.

नातीची खरी इच्छा पाण्याच्या कूलरची होती, रंगीत दिव्यांवाला. चूक काही नाही त्यात. पंप पाणी चिपवरून फिरवतो, ते रेडिएटरमध्ये जाते, तिथे पंखे. शेवटी उष्णता खोलीच्या हवेतच टाकायची आहे. पाणी उष्णता भरपूर साठवते, त्यामुळे चिप हळूहळू तापते, पण सात-आठ तासांच्या कामात ही उसंत संपून जाते. अडीचशे वॅट खाणारा प्रोसेसर असेल तर हा मार्ग योग्यच. ८८ वॅटसाठी मात्र बिघडू शकणारा पंप विकत घेण्याची गरज नव्हती. मनोऱ्यात बिघडणारी वस्तू एकच, पंखा, आणि तो लॅमिंग्टन रोडवर किंवा आमच्या गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतो. तरी पाण्याचा घेतलाच, तर पंप हा त्या साखळीतला सर्वांत उंच भाग होऊ देऊ नका. आतली हवा वर जमते आणि पंप कोरडा खरखरतो.

दर वॅटला अर्धा अंश असे या नव्या मनोऱ्याचे धरा. ४४ अंश. मे महिन्यात पेटीतल्या ४४ वर हे ४४, अठ्ठ्याऐंशी. जमले. आम्ही निश्चिंत झालो. हीच दुसरी चूक, आणि खरी.

आमच्याकडे सुताराकडून करून घेतलेले कॉम्प्युटर टेबल आहे. त्याला डाव्या हाताला कॅबिनेट ठेवायचा कप्पा, वर दार. धूळ जाऊ नये म्हणून आम्हीच आग्रहाने यंत्र त्यात ठेवायला लावले होते, मागे भिंत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात नातीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प द्यायचा होता. आदल्या रात्री मुख्य दृश्याचे रेंडर लावून ती झोपली. पहाटे आम्हाला जाग आली ती शांततेने. पंख्यांचा आवाज नव्हता. संगणक बंद, रेंडर अर्धवट, आणि चार तासांनी तिला गाडीत बसायचे होते.

ती रडवेली झाली. आम्ही मदत म्हणून जे करता येत होते तेच केले : अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य, कारण काढले तर कार्य नाहीसे. पुन्हा सुरू केला, तापमानाचा आकडा पडद्यावर ठेवला. दार बंद, पाच मिनिटांत ९५. भिंतीवरचे तापमापक काढून कप्प्यात धरले : ४९. खोली ३८. म्हणजे आमचा कूलर ३८ अंशांच्या खोलीत नव्हताच; तो ४९ अंशांच्या खोलीत होता, आणि ती खोली त्याने स्वतःच तापवली होती. मागून टाकलेली गरम हवा भिंतीला आपटून पुढून परत आत येत होती. यंत्र कप्प्यातून ओढून स्टुलावर ठेवले. बाकी काहीही बदलले नाही. पंधरा मिनिटांत प्रोसेसर ८५ वर उतरला. भोवतालच्या हवेचे ११ अंश उतरले, चिपचे जवळपास तेवढेच. हमालाचा हिशेब पक्का.

बंद मात्र प्रोसेसरने पाडले नसावे. तो हळू होतो, थांबत नाही. आमचा संशय एसएमपीएसवर आहे. त्याला अतितापमानाचे संरक्षण असते आणि ते वागले हेच बरे झाले. एसएमपीएस घेताना सगळे वॅट बघतात. त्याच्या माहितीपत्रकात ते वॅट किती तापमानाला दिले आहेत हेही लिहिलेले असते, कुठे ४० अंश, कुठे ५०. आमच्या प्रदेशात ५० वाला घ्यावा. खोक्यावरचा ‘८० प्लस’चा बिल्ला चांगला, पण ती चाचणी साधारण तेवीस अंशांच्या खोलीतली. आतले कपॅसिटर दर दहा अंशांना साधारण निम्मे आयुष्य गमावतात, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. ३१० वॅटच्या यंत्राला आम्ही ६५० चा घेतला होता, तो कामी आला. आणि घरातल्या तिसऱ्या पिनला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. हे काम अजिबात पुढे ढकलू नका.

रेंडर साडेआठला पूर्ण झाले. नात नऊच्या गाडीने गेली.

कॅबिनेटबद्दल आता वेगळे सांगायला फार उरले नाही. समोर सबंध काच असलेले दिसते सुंदर, पण श्वास घेत नाही. समोर जाळी असावी. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मिनिटाला ५० घनफूट हवा खरोखर पेटीतून गेली तर ३०० वॅट तिला दहा-अकरा अंश तापवतात. १०० घनफूट गेली तर पाच-सव्वापाच. याच्या पुढे पंखे वाढवून हाती एखाददुसराच अंश लागतो आणि आवाज मात्र वाढतो. सहा पंखे घेण्यापेक्षा मागे वीतभर मोकळी जागा ठेवा. ती फुकट आहे.

हं, शेवटून हात वर आहे. काय म्हणता? खिडकीतल्या कूलरचा झोत थेट संगणकावर सोडला तर?

खोली थंड झाली की यंत्रही तितकेच थंड होणार, म्हणून कूलर लावाच, आपल्यासाठीही आणि त्याच्यासाठीही. थेट झोतात मात्र ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आपले पाणी जड, ते सुकले की पांढरा क्षार राहतो, आणि ओली धूळ जाळीवर लिंपल्यासारखी बसते. बाजूला ठेवा. कोकणात किंवा गोव्यात ज्यांची मुले आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा. तिथे उष्णतेपेक्षा खारी, दमट हवा धातूला खाते. तिथे यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडे चालवावे, म्हणजे आतून कोरडे राहते.

आमच्या घरी आता ज्या दिवशी कूलरच्या ताट्या बदलतो, त्याच दिवशी कॅबिनेटच्या जाळ्या काढून नळाखाली धुतो. आतली धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती हवेने गरगरा फिरू देऊ नका. आणि जाळ्या पूर्ण वाळल्यावरच परत लावा.